लग्न लागतं मे महिन्यात, ठरतं दसऱ्याला

समोर ग्रामसेवक आहेत, अंगणवाडीताई आहेत, शिक्षक आहेत, तेव्हा थेट कामाचंच बोलतो. बालविवाह म्हटलं की आपल्याला मांडव दिसतो. १०९८ या बाल हेल्पलाइनला फोन, पोलिसांची गाडी, रडणारी नवरी. ते करावंच लागतं, पण तोवर फार उशीर झालेला असतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे बघा. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं. बीडमध्ये हेच प्रमाण जवळपास ४४ टक्के. बीडचे आईबाप काही वेगळ्या काळजाचे नाहीत. मोठा फरक पडतो तो ऊसतोडीच्या कोयत्याने.

तोडीच्या कामात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, त्या जोडीवर. दसरा-दिवाळीला गाव रिकामं होतं, ते मार्च-एप्रिलात परततं. घरात १४ वर्षांची पोर. सोबत न्यावी तर फडावरच्या खोपीला दार नाही. मागे ठेवावी तर घरी एकटी आजी, तिलाच धड दिसत नाही. अशा आईशी बोलून बघा. ती रीतिरिवाजाचं काही सांगत नाही. "सर, रातच्याला काही झालं तर?" एवढंच विचारते. त्यात पोरीचं लग्न लावलं की नवी जोडी तयार, तिलाही उचल. याला अज्ञान म्हणून आपण मोकळे होतो, ते मला पटत नाही. त्या बाईचा हिशोब पक्का असतो. दुसरी वाट आपणच दाखवलेली नसते.

म्हणून यादी सप्टेंबरात करा. आठवी ते दहावीच्या कुणाकुणाचे आईबाप यंदा तोडीला जाणार, हे वर्गशिक्षकाला कुणी सांगावं लागत नाही. शिक्षणहक्क कायदा नेमका १४ व्या वर्षी हात सोडतो, आणि कितीतरी गावांत शाळाही तिथेच संपते. एसटीचा मोफत पास मुलींना बारावीपर्यंत आहे, खरं. पण शाळा सुटल्यावर गाडी किती वाजता येते, ते एकदा फाट्यावर उभं राहून बघा. राहायची सोय म्हणाल तर कस्तुरबा गांधी विद्यालयं आहेत, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत. जागा मोजक्या, त्यामुळे अर्ज वेळेत हवा. आणि फॉर्मवर सही घेण्याआधी आईला वसतिगृह दाखवून आणा. ती भिंतीवरची सुविचारांची पाटी वाचत नाही. न्हाणीघराची कडी आतून लावून बघते, खिडकीचे गज हलवून बघते, रात्री बाईमाणूस कोण असतं ते विचारते. तिचं समाधान झालं की निम्मं काम झालं.

एवढं करूनही सुपारी फुटलीच, तर मांडवाची वाट बघू नका. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळतो. तो डावलून लावलेलं लग्न मुळातच शून्य ठरतं. हे हत्यार फार कमी वापरलं जातं. ग्रामसेवकाची अडचण मला कळते: ज्यांच्याकडून घरपट्टी वसूल करायची, त्यांच्याच दारात लग्न मोडायला जायचं. म्हणून एकट्याने जाऊ नका. मुख्याध्यापक, ताई, पोलीस पाटील सोबत घ्या.

थांबवलेल्या लग्नाचं पुढे काय होतं? बाप हमीपत्र लिहून देतो, आणि थोड्याच दिवसांत मावशीच्या गावी गुपचूप अक्षता पडतात. त्यामुळे पुढच्या सोमवारी ती वर्गात आली का, हे बघणं आलंच.

आणि जिचं लग्न होऊन गेलं, तिचं नाव हजेरीपटातून काढून विसरू नका. १८ पूर्ण झाल्यावर आणखी दोन वर्षांपर्यंत ती ते लग्न रद्द करून मागू शकते, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. ती नांदत असेल तरी १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसता येतं. त्यासाठी सासरी जावं लागलं तरी जा. नवऱ्याशीही बोला, पुष्कळदा तोही दहावी अर्धवट सोडून फडावर गेलेला असतो. मग दोघांचेही फॉर्म भरून घ्या.