सोऱ्यातली कुरडई आणि दुकानातलं पाकीट

नमस्कार श्रोते हो. आणि वावरातून येऊन, हातपाय धुऊन नुकत्याच टेकलेल्या माझ्या मायबहिणींनो, तुम्हाला वेगळा नमस्कार. आजचं बोलणं तुमच्याच चुलीचं आहे.

आपल्या गावातलं कोणतंही किराणा दुकान डोळ्यांपुढे आणा. दाराला पाच-दहा रुपयांच्या पाकिटांच्या इतक्या माळा, की दुकानदाराला वाकून गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं. आत नूडल्स, गुलाबजामचं पीठ, ढोकळ्याचं पीठ, आलं-लसणाची पेस्ट. हे एका दिवसात आलेलं नाही. तयार पिठं विकणारी गिट्स पुण्यात १९६३ साली सुरू झाली. मॅगी १९८३ मध्ये भारतात आली. शहरानं ते आधी घेतलं, आता आपली पाळी. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या खर्च पाहणीत खेड्यातल्या माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ३,७७३ रुपये निघाला. त्यात चहापाणी, बाहेरचं खाणं आणि तयार पदार्थ यांचा वाटा ९.६२ टक्के, म्हणजे साडेतीनशेच्या वर रुपये. धान्याचा वाटा ४.९१ टक्के. रेशनच्या फुकट धान्याची किंमत यात धरलेली नाही, हे खरं. तरीही हा फरक मोठा आहे.

यावर पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: बाया आळशी झाल्या. मला ते ऐकवत नाही. निंदणाच्या दिवसांत जी बाई पहाटे उठून पोळ्या लाटते, डब्बे भरते, नऊला वावरात असते आणि दिवस मावळता घरी येऊन पुन्हा पाणी भरते, तिनं भुकेल्या लेकरापुढं नूडल्सची वाटी ठेवली तर तिला बोलायचा हक्क कोणाला? चुलीजवळ दुसरा हात नसतो, म्हणून पाकीट येतं.

आणि झटपट खाणं आपल्याला नवीन थोडंच आहे! सरगुंडे, शेवया, मूगवड्या, ज्वारीचे पापड, हे काय होतं? पावसाळ्यात ओलं जळण पेटत नाही, भाजी मिळत नाही, त्या दिवसांची तजवीज चैत्र-वैशाखात व्हायची. माझ्या सासूबाई कुरडयांचा गहू तीन दिवस भिजवत, रोज पाणी बदलत. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा, सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं. मग आधणात चीक सोडला की घोटणं थांबवायचं नाही, नाहीतर गुठळ्या. गरम असतानाच तो सोऱ्यात भरायचा, हात भाजले तरी. बाजेवर जुनं लुगडं अंथरलेलं, त्यावर पांढरी वेटोळी पडत जायची आणि आम्ही पातेल्याला चिकटलेला चीक साखर घालून खायचो. पुढं आषाढात कोणी पाहुणा आला की कुरडई तेलात सोडायची, घडीभरात फुलायची. पण त्या चार-पाच दिवसांच्या मेहनतीचा दाम आम्ही कधी मांडला नाही. पाकीटवाला मात्र आपल्या कामाची पै न पै वसूल करतो.

म्हणून पाकीट घेताना त्याची मागची बाजू वाचा. शाळेत जाणाऱ्या पोरांना वाचायला लावा. ज्याचं वजन सर्वांत जास्त, तो जिन्नस यादीत आधी, असा नियम आहे. पाच रुपयांच्या पाकिटात १५ ते २० ग्रॅम माल निघाला, तर तो किलोला अडीचशे ते तीनशे तेहतीस रुपये पडला. फुटाणे, फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे, यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि लेकराच्या अंगी लागणारे. मिठाचंही पाहा. मोठ्या माणसानं दिवसात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून नूडल्स करायच्याच तर मसाल्याची पुडी अर्धीच टाका आणि वरून फल्लीदाणे, गाजर, जमलं तर अंडं घाला.

गावोगावच्या बचत गटांना माझं एक सांगणं आहे. यंदा वाळवण विकायला काढाल तेव्हा गहू आणि तेलाच्या हिशेबात आपली मजुरीही लिहा, वावरात मिळते तेवढी तरी. १९५९ साली मुंबईत सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जतचे पापड लाटायला घेतले. नागपूर-पुण्यात नोकरीला गेलेली आपलीच पोरं आज कुरडया विकत घेतात. त्या तुमच्या का नसाव्यात?

आता जाता जाता एक तयार पीठ सांगते, कागद घ्या. ज्वारी एक किलो, चणाडाळ पाव किलो, मूगडाळ पाव किलो, मूठभर धने, दोन चमचे जिरं. सगळं वेगवेगळं मंद आचेवर भाजा, पूर्ण गार होऊ द्या, मगच चक्कीवर न्या. गरम दळलं तर पीठ ओल धरतं. कोरड्या डब्यात घट्ट झाकण लावून ठेवा. वावरातून आल्यावर दोन वाट्या पीठ, मीठ, तिखट, चिरलेला कांदा आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पाण्यात कालवा, तव्याला तेलाचा हात लावा आणि धिरडं टाका. सोबत जवसाची चटणी असली की भाजीही लागत नाही. हे कालवायला घरातल्या माणसांनाही शिकवा. नमस्कार.