मूठभर चिंचोके

ही बघा तीन वर्षांची पोरगी, समोर ताटलीत पाच चिंचोके. एकेकावर बोट ठेवून म्हणतेय, एक, दोन, तीन, चार, पाच. एकही सुटला नाही, एकही दोनदा मोजला नाही. आजी तर जाम खूश. आता आजी विचारतेय, मग किती झाले गं? आणि ही परत पहिल्यापासून सुरू, एक, दोन, तीन...

बरोबरच आहे तिचं. 'किती' विचारलं की बोट ठेवत ते गाणं म्हणायचं, एवढंच तिला कळलंय. शेवटी आलेला 'पाच' हा त्या एकट्या चिंचोक्याचा नाही, सगळ्यांचा मिळून आहे, ते अजून डोक्यात शिरलेलं नाही.

१९७८ मध्ये गेलमन आणि गॅलिस्टेल या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मोजण्याचे नियम मांडले, एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम ठरलेला, शेवटचा आकडा म्हणजे एकूण, वगैरे, आणि त्यांचं म्हणणं असं की पोरांना याची समज फार लवकर, जवळजवळ उपजतच असते. मग १९९० मध्ये कॅरन विन यांनी पोरांना मोजायला नाही, द्यायला सांगितलं, की इतकी खेळणी दे, आणि तिथे गोची झाली. दहापर्यंत घडाघडा म्हणणारी पोरं 'एक दे' म्हटलं की एक देतात, आणि त्याहून जास्त मागितलं की हाताला येतील तेवढी उचलून देतात! 'एक' पक्का झाला की 'दोन' पक्का व्हायला काही महिने, मग 'तीन'ला अजून काही महिने. आणि मग साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास कधीतरी ट्यूब पेटते, आणि मजा म्हणजे 'पाच', 'सहा' वेगवेगळे शिकावेच लागत नाहीत, जेवढं मोजता येतं तेवढं सगळं एकदम कळायला लागतं.

आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? पण ती भांडणं आकड्यांच्या नावांची, ही पोरगी त्याच्या कितीतरी अलीकडे आहे अजून.

आजी हात पुढे करते. एक दे. दिला. दोन दे. दिले, नीट बघून. आता तीन दे.

पोरगी मूठ भरते आणि आजीच्या हातावर रिकामी करते. चार आहेत. आजी म्हणते, तीन आहेत का बघ बरं. पोरगी बोट ठेवून मोजते, एक, दोन, तीन, चार, आणि हसून मान डोलावते.