गप्पी, टीसीएल आणि आपली विहीर

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय: ‘डासांचे जैविक नियंत्रण’. म्हणजे डासाच्या मागे त्याचा वैरी लावून द्यायचा. पंखा जरा हळू करा. डास राहतील, माझे कागद उडतील.

वैरी म्हटला की आपल्याला गप्पी मासा आठवतो. मी शाळेत विज्ञान शिकवायचो तेव्हा हौदातले चाळीसेक गप्पी बादलीत घेतले आणि स्कूटरवरून वाडीच्या विहिरीवर निघालो. बादली मांडीत धरून मागे आमची मंडळी. घाटीत अर्धं पाणी तिच्या साडीवर सांडलं. तो हिशेब अजून मिटलेला नाही. पण तीन आठवड्यांत विहिरीत डासाची अळी दिसेना. मी गावभर मिरवलो.

मग एका सकाळी विहिरीवरून काकींची हाक: “मास्तरानु, माशे मेले तुमचे! आता काय तेंचा तिखला करतलास?”

आदल्या संध्याकाळी कुणीतरी टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरिनची पावडर, ओतली होती. मोजून नव्हे, अंदाजपंचे. क्लोरिनपुढे मासा टिकत नाही. एकानं मासे सोडायचे, दुसऱ्यानं पावडर टाकायची, आणि दोघांनीही वहीत ‘काम पूर्ण’ लिहायचं! बरं, पिण्याच्या पाण्याला टीसीएल हवीच, त्यावर वाद नाही. मासे बागेतल्या पडीक विहिरीत सोडायला हवे होते. म्हणजे चूक माझीही होती, पण हे आमच्या मंडळीला सांगू नका.

आणि मासे परदेशीच कशाला? गंबुसिया 1928 साली इटलीहून आणला. अळ्या खातो, तशीच बेडकांची अंडी आणि आपल्या माशांची पिल्लंही खातो. आपल्या पाटात डोक्यावर चांदीसारखा ठिपका असलेला मासा पोरांनी ओंजळीत धरलेला असतो ना? त्याचं तोंड वर वळलेलं, वावर पाण्याच्या पृष्ठभागालगत. अळी श्वास घ्यायला वर आली की संपली.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मुख्य मुद्दा तर आत्ता सुरू होतोय!

तर भरभर सांगतो. डास पाणी निवडून अंडी घालतो. हिवतापाचा ॲनोफेलिस विहिरीत, टाकीत; तिथे मासा चालतो. हत्तीरोगाचा क्युलेक्स घाण गटारात; तिथे बीटीआय. हा जिवाणू 1976 साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या डबक्यात सापडला. अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात त्याचं विष विरघळतं आणि आतड्याला भोकं पडतात. माशाला, माणसाला काही होत नाही. मात्र पुन्हा पुन्हा फवारावं लागतं.

डेंग्यूचा एडीस करवंटीत, पोफळीच्या गळलेल्या विरीत (झावळीच्या रुंद बुडख्यात), दोडामार्गाकडे रबराच्या चिकाच्या वाटीत. तिथे मासा सोडणार कुठे? उपडी करा, आठवड्यातून एकदा. आणि इंडोनेशियातल्या योग्याकार्तात वोल्बाकिया नावाचा जिवाणू असलेले एडीसच सोडले, तर डेंग्यू 77 टक्क्यांनी घटला. कसा, ते... घंटा वाजली.

बाहेर चहाच्या टेबलावर बरणी ठेवलीय. तीत तीन ठिपकेवाले मासे आहेत आणि शंभरेक अळ्या. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा तरी होत्या.