थडग्यापाशी वस्ती

श्रोतेहो, नमस्कार.

चिनी सम्राटांची थडगी म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते मातीचे सैनिक. १९७४ साली शीआनजवळ विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेले. पहिला सम्राट छिन शी हुआंग तेराव्या वर्षी गादीवर बसला आणि तेव्हाच त्याच्या थडग्याचं काम निघालं. कामावर ७ लाख माणसं होती, असं इतिहासकार सिमा च्येन सांगतो. सैनिक ८ हजारांच्या आसपास. त्यांतल्या काहींच्या अंगावर नावं कोरली आहेत. कारागिरांची! कौतुक म्हणून नव्हे बरं का. पुतळ्यात खोट निघाली, तर कान कुणाचा धरायचा ते कळावं म्हणून.

सम्राट गेला आणि तीन-चार वर्षांत राज्यही बुडालं. पुढे हान घराणं आलं. त्यांच्या जिंग सम्राटाच्या थडग्यातली माणसं जेमतेम दोन फुटांची; सोबत मातीची डुकरं, मेंढ्या, कुत्री. म्हणजे सत्ता आटली? छे! हानांनी थडग्यांशेजारी गावं वसवली आणि लांबलांबच्या प्रांतांतली बडी घराणी उचलून तिथे आणून ठेवली. निमित्त थडग्याच्या राखणीचं. खरं काम, ही मंडळी राजधानीजवळ नजरेखाली राहावीत.

जिंगचा मुलगा वू. त्याचं थडगं माओलिंगला. इसवी सनापूर्वी १२७ मध्ये हुकूम सुटला: ज्यांची मालमत्ता ३० लाख नाण्यांच्या वर, त्यांनी माओलिंगला बिऱ्हाड हलवावं. सम्राट तेव्हा तिशीतही नव्हता. मरायला अजून चाळीस वर्षं होती!

यादीत क्वो च्ये नावाचा एक दादा माणूस होता. तरुणपणी खून पचवलेले, पुढे गावोगावचे तंटे मिटवणारा. पैशाच्या हिशेबात तो बसत नव्हता. सेनापती वेई छिंगने रदबदली केली, "महाराज, हा गरीब आहे हो." सम्राट म्हणाला, "साध्या माणसासाठी सेनापती शब्द टाकतो? मग तो गरीब कसला!"

क्वो च्येला जावंच लागलं. निघताना निरोपाला जमलेल्या लोकांनी त्याच्या पदरात घातलेली रक्कम एक कोटी नाण्यांच्या वर गेली, असं सिमा च्येनने लिहून ठेवलंय.