कोयता लावण्याआधी

[पहाट. रावेर तालुक्यातली केळीची बाग. बॅटरीच्या उजेडात एकच घड.]

कोयता बसला की दांड्यातून पांढरा चीक गळायला लागतो. कपड्यावर पडला तर वाळून काळा पडतो, आणि तो डाग कुठल्याच साबणाने जात नाही. केळी कापणाऱ्या टोळीतला माणूस रावेर-सावद्याच्या बाजारात शर्टावरून ओळखू येतो.

एकजण घड तोलून धरतो, दुसरा दांडा कापतो, तिसरा खांद्यावरच्या गादीवर झेलून बांधाकडे निघतो. घड जमिनीला टेकू द्यायचा नाही. आज हिरव्या सालीवर ओरखडा उठला तर तो धड दिसतही नाही. दिल्लीत केळी पिवळी झाली की तोच ओरखडा काळा होऊन वर येतो, आणि भाव तिथे तुटतो. इथल्या खांद्यावरची गादी आणि तिथला भाव यांच्यामध्ये हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे, चार-पाच मालक आहेत. या सगळ्याला मिळून पुरवठा साखळी म्हणतात.

शब्द मोठ्या कंपन्यांचा वाटतो. पण केळीवाल्याला तो रोज जगावा लागतो. या साखळीत तीन गोष्टी वाहतात. माल शेताकडून गिऱ्हाइकाकडे जातो. पैसा गिऱ्हाइकाकडून शेताकडे येतो. आणि निरोप दोन्हीकडून यावा-जावा लागतो: किती माल हवा, कधी हवा, गाडी कुठवर आली. धंदा बसतो तेव्हा बहुतेक वेळा मालात खोट नसते. निरोप पोचलेला नसतो.

[भर उन्हातला बांध. केळीच्या पानांखाली झाकलेले घड.]

हे मी आमच्या नानांच्या बागेत पाहिलं. मे महिना, पारा 45 च्या आसपास. व्यापाऱ्याने सकाळची गाडी सांगितली, म्हणून टोळीने उजाडायच्या आत माल कापून रस्त्याला लावला. दहा वाजता फोन आला.

"नाना, गाडी आज नाही जमत. उद्या सकाळी नक्की."

"अरे भाऊ, माल कापून ठेवला ना मी!"

गाडी दुसरीकडे वळल्याचं आदल्या संध्याकाळीच ठरलं होतं. एक फोन तेव्हा आला असता तर घड झाडावर अजून दोन दिवस सुखाने राहिले असते. दुसऱ्या दिवशी त्यातला बराच माल वापसीच्या, म्हणजे नाकारलेल्या मालाच्या, भावात गेला. वर्षभराची मेहनत, खत, ठिबक, वीज, सगळं जागेवर होतं. नव्हता तो एक निरोप. मला ती सकाळ अजून सलते.

[जळगाव. डाळ गिरणीचं गोदाम, छपरापर्यंत पोती.]

डाळवाल्याचं तसं नाही. तूर हंगामात येते, डाळ बाराही महिने खपते, म्हणून पोती साठवावीच लागतात. इथे साखळीचा दुसरा धडा आहे: साठा किती ठेवायचा? जास्त ठेवला तर भांडवल अडकतं, गोदामाचं भाडं चढतं, भुंगा लागतो. कमी ठेवला तर गिरणी थांबते आणि मजूर बसून राहतात.

हिशेब सोपा आहे. समजा गिरणीला रोज 100 पोती लागतात आणि मागवलेला माल पोचायला 8 दिवस जातात. म्हणजे 800 पोती तर त्या 8 दिवसांतच संपणार. गाडी रखडली, पाऊस लागला, तर जवळ असावीत म्हणून आणखी 200. गोदामात 1000 पोती उरली की त्याच दिवशी पुढची ऑर्डर गेली पाहिजे. किराणा दुकान असो की चटईचा कारखाना, आकडे बदलतील, रीत हीच. तरी कितीतरी दुकानदार माल संपल्यावरच फोन उचलतात.

केळीला ही सोय नाही. तिथे साठा एकाच जागी टिकतो, झाडावर, आणि तोही थोडे दिवस.

[पॅकहाऊस. पाण्याच्या टाकीत फण्या. शीतगृहाचं दार.]

कापल्यानंतर दिवस वाढवायचे तर थंडावा हवा. आखाताकडे जाणाऱ्या केळीच्या फण्या आधी तुरटीच्या पाण्यात धुतात, म्हणजे चीक निघतो. मग 13 किलोच्या आसपासचा खोका. शेतातली ऊब काढून माल 13 ते 14 अंशांवर आणतात आणि थेट बंदरापर्यंत तेवढाच थंड ठेवतात. फार गार झाला तरी साल काळवंडते, गरम झाला तर वाटेतच पिकतो. मध्येच कुठे यंत्र बंद पडलं तर आधीचा सगळा थंडावा फुकट. जगात सगळ्यात जास्त केळी आपल्या देशात पिकते, पण निर्यातीत आपला वाटा थोडाच आहे. 2016 साली 'जळगाव केळी'ला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाला साजेसा माल परदेशी पोचवायचा तर गावोगावी अशी पॅकहाऊस हवीत, असं मला कळकळीने वाटतं.

दिल्लीला जाणारी केळी हिरवीच जाते. तिथल्या रायपनिंग चेंबरमध्ये 16 ते 18 अंशांवर इथिलीन वायू देऊन चार-पाच दिवसांत ती पिकवतात. कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे.

[छठपूजेचा घाट. सुपात केळीचा घड.]

आता मागणीचं. छठपूजेला उत्तरेत अख्खा घड लागतो. त्या आठवड्यात तिथला फळवाला 10 ऐवजी 12 घड मागतो. घाऊकवाला म्हणतो, तुटवडा नको, 15 सांगू. व्यापाऱ्यापर्यंत येईतो ते 20 होतात. निरोप एकेक हात पुढे सरकताना फुगत जातो. शेतकऱ्याला वाटतं तेजी आली, आणि तो लागवड वाढवतो. मृगबाग जून-जुलैत लावा की कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरात, घड हाती यायला वर्ष जवळपास जातंच. टिश्यूकल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, रोपं तर त्याच्याही आधी नोंदवावी लागतात. तोवर तेजी विरलेली असते. फळवाल्याने खरोखर किती विकले, तो आकडा सरळ बागेपर्यंत आला तर हे टळेल. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, आकडा मात्र कुणी सांगत नाही.

आणि पैसा? तो सगळ्यात सावकाश परततो. प्रत्येकजण पुढच्याकडून येईल तेव्हा मागच्याला देतो, म्हणून उधारीचं सगळं ओझं पहिल्या कडीवर, शेतकऱ्यावर येतं. भाव ठरवताना पैसे कोणत्या तारखेला, हेही लिहून घेतलं पाहिजे. नाना आता घेतात.

[परत बाग. अजून अंधार. टोळी बांधावर बसलेली, कोयते खाली ठेवलेले.]

आज गाडी उत्तरेकडून रिकामी येते आहे. टोळी तयार आहे, चहा झाला आहे, तरी कुणी उठत नाही. नानांच्या हातात फोन आहे. थोड्या वेळाने तो वाजतो.

"नाना, बुऱ्हाणपूर सोडलं."

नाना टोळीकडे बघून मान हलवतात. पहिला कोयता आत्ता लागतो.