एकाच कॉलममध्ये स्वल्पविराम देऊन आयडी लिहिताय? थांबा!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय, म्हणून आज फक्त त्यावरच बोलू. डेटाबेसमध्ये दोन लेखांना एकच टॅग, म्हणजे विषयाची चिठ्ठी, असेल, तर ते एकमेकांशी जोडायचे कसे?

प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची वेगळी ओळख, तुम्हाला माहीत आहे असं धरतो. लेखांचं एक टेबल, टॅगचं दुसरं, दोन्हींत आयडी. इथपर्यंत कुणी चुकत नाही.

खरी गोची पुढे आहे. कुठल्या लेखाला कुठले टॅग, हे लिहायचं कुठे? बरेच जण लेखांच्याच टेबलात एक कॉलम काढतात आणि त्यात ‘१,४,१२’ असं लिहून मोकळे होतात. कृपा करून हे करू नका.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे असंच एक टेबल आलं होतं. १ नंबरचा टॅग शोधायला मी लाइक, म्हणजे मजकुराचा तुकडा शोधायची सोय, वापरलं, १ च्या दोन्ही बाजूंना टक्क्याची खूण (‘इथे काहीही चालेल’) देऊन. निकालात १०, ११, २१, सगळेच आले, आणि तो रिपोर्ट तसाच पुढे गेला. निस्तरायला दोन दिवस लागले. म्हणून इतक्या पोटतिडकीने सांगतोय.

यावर एका प्रेक्षकाने लिहिलंय, ‘मायएसक्यूएलमध्ये फाइंड-इन-सेट आहे की!’ आहे, स्वल्पविरामाच्या यादीत मूल्य शोधणारं ते फंक्शन, आणि उत्तरही बरोबर देतं. पण त्याला शोधताना त्या कॉलमवरच्या इंडेक्सचा, म्हणजे पटकन शोधायच्या सूचीचा, उपयोग होत नाही, एकेक ओळ तपासावी लागते. बरं, उद्या ४ नंबरचा टॅग डिलीट केलात, तर यादीतला ४ तिथेच राहणार. डेटाबेसच्या लेखी तो नुसता मजकूर आहे, त्यावर फॉरेन की, म्हणजे ‘हा आयडी त्या दुसऱ्या टेबलात असलाच पाहिजे’ ही अट, लावणार कशी? संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत मांडायची पद्धत, मांडलं, तेव्हापासून हा आग्रह आहे: एका खान्यात एकच मूल्य.

मग तिसरं टेबल करा, लेख_टॅग. त्यात दोनच कॉलम, लेख_आयडी आणि टॅग_आयडी, दोन्हींवर फॉरेन की, आणि दोन्ही मिळून प्रायमरी की. म्हणजे तीच जोडी दोनदा शिरणार नाही. लेखाला तीन टॅग असतील तर तीन ओळी. ‘ओळी किती वाढतील!’ अशी काळजी काहींनी व्यक्त केलीये. वाढू द्या, डेटाबेस त्यासाठीच बनलाय. स्वल्पविराम शोधत बसणं हे त्याचं काम नाही.

आता मूळ प्रश्न. लेख_टॅग स्वतःशीच जॉइन करा, म्हणजे त्याच टेबलाच्या दोन प्रतींच्या ओळी एकमेकींशी जुळवा. एका प्रतीला ‘अ’ म्हणा, दुसरीला ‘ब’. अट पहिली, दोन्हींचा टॅग_आयडी सारखा. अट दुसरी, ‘अ’चा लेख_आयडी ‘ब’च्या लेख_आयडीपेक्षा लहान. ही दुसरी अट विसरलात तर प्रत्येक लेख स्वतःशीच जुळतो. तिच्या जागी ‘समान नाही’ लिहिलंत, तर ५-९ आणि ९-५ अशी प्रत्येक जोडी दोनदा येते. लहान-मोठं लिहा, दोन्ही त्रास जातात. मग जोडीवर ग्रुप बाय (सारख्या ओळींचे गट) आणि काउंट (मोजणी) लावला की किती टॅग सामाईक आहेत तेही कळतं.

आणि हो, प्रायमरी कीमध्ये लेख_आयडी आधी असेल, तर टॅगवरून शोधायला उलट क्रमाचा, टॅग_आयडी आधी असलेला, वेगळा इंडेक्स लागेल. पोस्टग्रेस हा डेटाबेस फॉरेन कीवर आपणहून इंडेक्स बनवत नाही. एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरत असाल तर फॉरेन कीची तपासणी सहसा बंदच असते. प्रत्येक कनेक्शन उघडल्यावर प्राग्मा, म्हणजे सेटिंग बदलायची आज्ञा, देऊन ती चालू करा.