इंडिया गेटवर पणजोबांचं नाव शोधताना

मंडळी, दिल्लीच्या सहलीत आपले सातारकर इंडिया गेट झटक्यात उरकतात. फोटो काढला, चणे घेतले, चला कुतुबमिनारला. आज मला त्या कमानीवरच्या नावांबद्दल बोलायचंय. ‘पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले ते आलेच नाहीत’ असं सांगणारी घरं आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. त्यांचं नाव इंडिया गेटवर असणारच, अशी घरच्यांची समजूत असते. बहुतेक वेळा ते तिथे नसतं.

ल्यूटेन्सच्या आराखड्यावर बांधलेल्या या ४२ मीटर उंच स्मारकाची पायाभरणी १९२१ साली झाली आणि उद्घाटन १९३१ साली व्हाइसरॉय आयर्विनने केलं. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतर लगेचच्या लढायांत हिंदी फौजेचे सत्तर हजारांवर लोक कामी आले. कमानीवर नावं मात्र तेरा हजारांच्या आसपास. माथ्यावरचा मजकूर वाचला की उलगडा होतो. फ्रान्स, मेसोपोटेमिया (म्हणजे आजचा इराक, बसरा तिथलाच), पूर्व आफ्रिका, गॅलिपोली इथे पडलेल्यांना तिथे एकत्रित मानवंदना आहे. कोरलेली नावं आहेत ती हिंदुस्थानात, वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धात कामी आलेल्यांची.

आणि आपली माणसं तर मोठ्या संख्येनं मेसोपोटेमियात होती! १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर तिथल्या कुत गावी तुर्की फौजेच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी रसद संपली, शरणागती झाली, आणि कैदेतल्या पायपिटीत वेढ्यापेक्षाही जास्त हाल झाले. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जवान कामी आले. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ उगाच लागत नाही.

मेसोपोटेमियात ज्यांच्या कबरीचा वा अंत्यसंस्काराचा पत्ता नाही, त्यांचं स्मारक बसऱ्यात उभारलं गेलं; १९९७ साली ते तिथून नासिरियाच्या वाटेवर हलवलं. पण तिथेही भेदभाव झाला. गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी फौजेत नाव फक्त अधिकाऱ्यांचं, साध्या शिपायांचा पलटणीपुढे आकडा. याचा मला संताप येतो, आणि तो लपवायचं काही कारण दिसत नाही. फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर, १९२७ सालीच, शिपायांचीही नावं कोरली गेली होती. म्हणजे करता येत होतं. स्मशानांची आणि स्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं २०२१ साली या भेदभावाबद्दल माफी मागितली.

इंडिया गेटच्या मागेच २०१९ साली राष्ट्रीय समर स्मारक उभं राहिलं. तिथे नक्की जा. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची नावं त्याग चक्राच्या, म्हणजे तिथल्या गोलाकार भिंतींच्या, ग्रॅनाइटवर आहेत, हुद्द्यासह, आणि शिपाई-अधिकारी असा फरक न करता. १९६२, ६५, ७१, कारगिल, सियाचीन यांपैकी कुठलं माणूस तुमच्या घरचं असेल, तर ते इथे शोधा.

पण बसऱ्याचे पणजोबा शोधायचे असतील, तर सुरुवात घरूनच. ट्रंकेत जुनं मेडल असेल, तर त्याची कड भिंगाखाली धरा. त्या काळच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. तेवढ्यावर कमिशनच्या वेबसाइटवर फुकट शोध घेता येतो. स्पेलिंग मात्र इंग्रज कारकुनानं ऐकलं तसं असतं, तेव्हा चार-पाच प्रकारे टाकून बघा. काही घरांतून चांदीपायी मेडल सोनाराकडे गेलंय, त्याला आता इलाज नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते दसऱ्याला चिंच लावून घासू नका. कडेची अक्षरं झिजतात.